फ्रीजच्या बटणावरचा आकडा आणि आतले खरे तापमान

उन्हाळा सुरू झाला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत फ्रीजचा विषय निघतोच. यंदा परभणी, जालना, लातूर, धाराशिव आणि बीड जिल्ह्यांतून आलेल्या पत्रांचा सूर बराचसा सारखा आहे, म्हणून त्यांतील निवडक पत्रे थोडक्यात देऊन त्यांची उत्तरे एकत्र देत आहोत. पहिल्या उत्तराला अधिक जागा दिली आहे, कारण पुढच्या बहुतेक शंकांचे मूळ तिथेच आहे.

प्रश्न : आमच्याकडे एका दाराचा फ्रीज आहे. त्याच्या गोल बटणावर १ ते ७ असे आकडे आहेत. हिवाळ्यात ते ३ वर होते. चैत्र लागल्यापासून दुसऱ्या दिवशी तापवायला घेतलेले दूध फाटते आणि रात्रीचे वरण सकाळी विटलेले असते. म्हणून बटण ७ वर नेले, तरी फरक पडला नाही. उलट बर्फाच्या कप्प्याखाली मागे टेकून ठेवलेली कोथिंबीर मात्र गोठून काळी पडली. नेमक्या कोणत्या आकड्यावर फ्रीज ठेवावा?
— एक गृहिणी, सेलू (जि. परभणी)

उत्तर : ताई, बटणावरचे आकडे अंश सेल्सिअसचे नसतात. १ म्हणजे सर्वांत कमी थंड आणि ७ म्हणजे सर्वांत जास्त थंड, एवढाच त्यांचा अर्थ आहे. एकाच कंपनीचे एकसारखे दोन फ्रीज दोन घरांत एकाच आकड्यावर ठेवले, तरी त्यांच्या आतील तापमानात चार-पाच अंशांचा फरक पडू शकतो, कारण खोली किती तापते, दार किती वेळा उघडते, आत किती सामान आहे आणि रबर किती घट्ट बसते यांवर ते अवलंबून असते. त्यामुळे पत्रातून तुम्हाला आकडा सांगणे शक्य नाही. तापमान मात्र सांगता येते. ताज्या अन्नाच्या कप्प्यात ३ ते ४ अंश सेल्सिअस असावे, ते ५ अंशांच्या वर जाऊ देऊ नये आणि बर्फाच्या वेगळ्या फ्रीजरमध्ये उणे १८ अंश असावेत. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या मार्गदर्शनातही ५ ते ६० अंश हा पट्टा धोक्याचा मानला आहे, कारण रोगकारक जिवाणू या पट्ट्यात झपाट्याने वाढतात. ५ अंशांच्या खाली ते मरत नाहीत, त्यांची वाढ फक्त मंदावते. लिस्टेरियासारखे काही जिवाणू तर थंडीतही हळूहळू वाढतच राहतात. म्हणून शिजवलेले अन्न योग्य तापमानाला ठेवले, तरी ते तीन-चार दिवसांत संपवावे. दुसरीकडे, तापमान शून्याच्या जवळ गेले की पालेभाज्यांतील पाणी गोठू लागते. म्हणजे आपल्या हाती असलेली जागा फार अरुंद आहे, आणि अंदाजाने बटण फिरवून ती सापडणे अवघड आहे.

तेव्हा आधी मोजावे. ताप पाहण्याचा थर्मामीटर येथे निरुपयोगी आहे, कारण त्याचे मोजमाप साधारण ३५ अंशांपासून सुरू होते. फ्रीजसाठी मिळणारा छोटा थर्मामीटर किंवा शाळा-महाविद्यालयांना प्रयोगशाळेचे साहित्य पुरवणाऱ्या दुकानात मिळणारा, उणे १० अंशांपासून मोजणारा काचेचा थर्मामीटर चालतो. मात्र त्यात पारा नसून रंगीत द्रव असल्याची खात्री करून घ्यावी, कारण अन्नाच्या जागी पाऱ्याचा थर्मामीटर फुटणे धोक्याचे असते. लांबून रोखायचा बंदुकीसारखा थर्मामीटर फक्त पृष्ठभागाचे तापमान दाखवतो, तेव्हा त्यावर विसंबू नये. पेलाभर पाण्यात थर्मामीटर उभा करून तो पेला मधल्या कप्प्यात रात्रभर ठेवावा आणि सकाळी दूध काढण्यासाठी दार पहिल्यांदा उघडाल, त्याच क्षणी आकडा वाचावा. पाण्यातच मोजण्याचे कारण असे, की दार उघडताच आतील हवा क्षणात तापते, पण दूध, वरण आणि भाजी पाण्याप्रमाणेच सावकाश तापतात, आणि आपल्याला त्यांचे तापमान हवे आहे. दुसऱ्या दिवशी तोच पेला दाराच्या कप्प्यात आणि तिसऱ्या दिवशी बर्फाच्या कप्प्याखाली ठेवून पाहावा. दारातले तापमान मधल्या कप्प्यापेक्षा काही अंश जास्त आढळेल. बहुतेक घरांत दुधाची पिशवी नेमकी तिथेच उभी केलेली असते, आणि तुमचे दूध फाटण्यामागे हेही एक कारण असण्याची दाट शक्यता आहे. उन्हाळ्यात दुपारी चार-पाचच्या सुमारासही एकदा मोजावे, कारण सकाळचा आकडा दिवसभराची खरी परीक्षा दाखवत नाही.

मोजल्यानंतर बटण एका वेळी एकच आकडा फिरवावे आणि पुन्हा मोजण्यापूर्वी पूर्ण एक दिवस थांबावे. सकाळी वाढवायचे आणि संध्याकाळी कमी करायचे, असे केल्याने काहीच कळत नाही.

आता ७ आकड्याविषयी. बटण म्हणजे थर्मोस्टॅट, आणि त्याचे काम एवढेच, की कॉम्प्रेसर कधी थांबवायचा आणि कधी पुन्हा सुरू करायचा हे ठरवणे. ते कॉम्प्रेसरची ताकद वाढवत नाही. बटण ३ किंवा ४ वर असतानाही वैशाखाच्या दुपारी तुमचा कॉम्प्रेसर न थांबता चालत असेल, तर ७ वर नेल्याने त्याला मिळणारी आज्ञा पूर्वीचीच राहते, म्हणजे ‘थांबू नकोस’. तो आधीच थांबत नव्हता. एका दुपारी फ्रीजजवळ अर्धा तास बसून कॉम्प्रेसर मध्येच शांत होतो का, हे ऐकावे. तो शांत होत असेल, तर बटण वाढवण्याला अर्थ आहे. होत नसेल, तर दोष बटणात नाही आणि तो अन्यत्र शोधावा लागेल.

प्रथम बर्फाचा कप्पा पाहावा. त्याच्या भिंतींवर पाच-सहा मिलिमीटरपेक्षा जाड बर्फ साचला असेल, तर तो बर्फच थंडीला आडवा येतो. कप्प्याला चिकटलेली वस्तू गोठते आणि खालच्या व दारातल्या वस्तू उबदार राहतात. तुमच्या कोथिंबिरीची आणि दुधाची एकाच वेळी झालेली गत नेमकी हेच सांगते. बटणाच्या मधोमध असलेली कळ दाबली, की कॉम्प्रेसर बंद होऊन बर्फ वितळतो आणि नंतर फ्रीज आपोआप पुन्हा चालू होतो. हे काम रात्री करावे आणि तेवढ्या वेळापुरते दूध व शिजवलेले अन्न बर्फाच्या डब्यात ठेवावे. सुरीने किंवा उलथण्याने बर्फ खरवडू नये, कारण त्या पत्र्याच्या आतल्या नळीला भोक पडले तर वायू निघून जातो आणि दुरुस्तीचा खर्च मोठा होतो.

त्यानंतर फ्रीजची जागा. आतली उष्णता बाहेर टाकूनच फ्रीज आत थंडी निर्माण करतो, आणि ती टाकण्याची नळी मागे किंवा बाजूच्या पत्र्यांच्या आत असते. आपल्याकडे मात्र फ्रीज भिंतीतल्या कोनाड्यात बसवून वर क्रोशाचा रुमाल आणि त्यावर भांडी रचण्याची हौस आहे. मागे साधारण १० सेंटिमीटर आणि बाजूंना थोडी मोकळी जागा असावी. पश्चिमेच्या खिडकीतले ऊन किंवा शेगडीची धग त्याच्यावर येऊ नये. मग दाराचे रबर पाहावे. कागदाची पट्टी दारात धरून दार लावावे आणि पट्टी ओढावी. ती सहज निघून आली, तर त्या ठिकाणी रबर सैल आहे. बहुधा ते मळलेले असते आणि साबणाच्या कोमट पाण्याने पुसल्यावर नीट बसू लागते. तरीही बसले नाही, तर बदलून घ्यावे.

फ्रीजच्या आत किंवा मागे चिकटवलेल्या पट्टीवर हवामानाचा वर्गही लिहिलेला असतो. ‘एन’ वर्गाचा फ्रीज ३२ अंशांपर्यंतच्या, ‘एसटी’ ३८ पर्यंतच्या आणि ‘टी’ ४३ अंशांपर्यंतच्या खोलीसाठी बनवलेला असतो. परभणी-नांदेडकडे मे महिन्यात बाहेरचे तापमान ४३ अंशांच्या पुढे जाणे नवलाचे नाही, आणि पत्र्याखालच्या स्वयंपाकघरात दुपार कशी असते हे तेथे राबणाऱ्यांना सांगायला नको. अशा वेळी निकोप फ्रीजचीही दमछाक होते, म्हणून त्याच्यावरचे ओझे कमी करणे हाच उपाय उरतो. आमच्या मते उन्हाळ्यात आपल्या घरांतील निम्मे फ्रीज प्रत्यक्षात पाणी गार करण्याचेच काम करीत असतात. दहा लिटर पाणी ३५ अंशांवरून १० अंशांवर आणायचे, तर साधारण हजार किलोज्यूल उष्णता बाहेर काढावी लागते, आणि घरात पाहुणे असले तर हे दिवसातून दोनदाही घडते. पिण्याचे पाणी माठाकडे सोपवावे. बाटल्या भरायच्याच असतील, तर रात्री भरून ठेवाव्यात.

तुमच्यासाठी क्रम असा : आधी बर्फ वितळवावा, दूध दारातून काढून बर्फाच्या कप्प्याखाली ठेवावे, कोथिंबीर तिथून खाली भाजीच्या कप्प्यात न्यावी, बटण ४ वर आणावे आणि दुसऱ्या दिवसापासून मोजायला लागावे. संध्याकाळी व्होल्टेज उतरून कॉम्प्रेसर नुसताच घुमत असेल, तर स्टॅबिलायझरविना हे सारे व्यर्थ ठरेल.

प्रश्न : दोन दारांच्या, बर्फ न साचणाऱ्या फ्रीजमध्ये दोन बटणे आहेत. थंडीत वीज वाचावी म्हणून शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून खालचे बटण सर्वांत कमी केले. तेव्हापासून वरच्या फ्रीजरमधील मटार मऊ पडतात, आइस्क्रीम वितळते. बाहेर एवढी थंडी असताना हे कसे?
— निवृत्त शिक्षक, उदगीर (जि. लातूर)

उत्तर : सर, थंडी आहे म्हणूनच हे घडते. या प्रकारच्या बहुतेक फ्रीजमध्ये थंड हवा वरच्या फ्रीजरमध्ये तयार होते आणि पंख्याने तिचा काही भाग खाली सोडला जातो. कॉम्प्रेसर केव्हा चालवायचा हे मात्र अनेक मॉडेलांत खालच्या कप्प्याच्या तापमानावर ठरते. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे रात्रीचे तापमान कधी कधी दहा अंशांच्याही खाली उतरते. स्वयंपाकघरच गार असल्याने खालचा कप्पा तापत नाही, कॉम्प्रेसरला फारसे चालावे लागत नाही, आणि ज्याला उणे १८ अंश टिकवायचे आहेत तो फ्रीजर उपाशी राहतो. त्यात तुम्ही खालचे बटण आणखी उतरवले. ते मधोमध आणावे.

वरचे बटण अनेक मॉडेलांत केवळ वाटणी ठरवते, म्हणजे हवेचा किती हिस्सा वर ठेवायचा आणि किती खाली सोडायचा. उन्हाळ्यात बर्फ लवकर व्हावा म्हणून कोणी ते कमाल थंडीवर नेले, की खाली येणारी हवा कमी होते आणि दुधा-भाज्यांचा कप्पा ८-१० अंशांवर जाऊन बसतो. घरच्यांना मात्र बर्फ उत्तम होत असल्यामुळे फ्रीज छान चालला आहे असेच वाटत राहते. सर्व कंपन्यांची रचना एकसारखी नसते, म्हणून आपल्या मॉडेलच्या पुस्तिकेतील त्या पानावर एकदा नजर टाकावी. हवा येण्याच्या मागच्या जाळ्यांपुढे डबे रचू नयेत. दारावर आकडे दाखवणारा फ्रीज असला, तरी अनेकदा तो तुम्ही मागितलेले तापमान दाखवतो, प्रत्यक्षातले नव्हे. पाण्याचा पेला तिथेही ठेवून पाहावा.

प्रश्न : आमची घरची दुभती जनावरे आहेत आणि थोडा खवा घरातच ठेवावा लागतो. वीज दुपारी चार-पाच तास जाते. एवढ्या वेळात फ्रीजमधला खवा, दूध, शिजवलेले मटण चांगले राहते का? वास घेऊन ठरवले तर चालेल का?
— शेतकरी, भूम तालुका (जि. धाराशिव)

उत्तर : कुंथलगिरीच्या पेढ्यांमुळे खव्यासाठी ओळखल्या जाणाऱ्या भागातून हा प्रश्न यावा, हे स्वाभाविकच आहे. दार अजिबात उघडले नाही, तर फ्रीज साधारण चार तास अन्न सुरक्षित ठेवतो. गच्च भरलेला वेगळा फ्रीजर ४८ तास आणि अर्धा भरलेला २४ तास थंडी धरून ठेवतो. हे प्रचलित आकडे आहेत, पण ते आपल्या मे महिन्याकडे पाहून ठरवलेले नाहीत. भूमच्या दुपारी चारऐवजी तीनच तास धरावेत, असे आम्ही सुचवू. अन्नाचे तापमान ४-५ अंशांच्या वर गेल्यावर नाशवंत पदार्थ दोन तासांहून अधिक ठेवू नयेत, आणि भोवतालचे तापमान ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास, हा नियम दूध, खवा, पनीर, मटण, शिजवलेला भात आणि वरण यांना लागू आहे. दही, तूप, लोणचे आणि कोरड्या चटण्या यांची काळजी करण्याचे कारण नाही.

वासावर विसंबू नये. वास आणि चव बिघडवणारे जिवाणू वेगळे आणि माणसाला आजारी पाडणारे बहुधा वेगळे असतात. दुसऱ्या प्रकारच्यांची वाढ पुष्कळ झालेली असतानाही अन्नाला कसलाच वास येत नाही. भाताच्या बाबतीत तर काही जिवाणूंचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत, भात कोमट पडून राहिला की ते जागे होतात, आणि त्यांनी सोडलेले विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही.

भारनियमनाची वेळ ठरलेली असेल, तर तयारी करता येते. प्लास्टिकच्या दोन-तीन बाटल्यांत वरची थोडी जागा मोकळी ठेवून पाणी भरावे आणि त्या फ्रीजरमध्ये गोठवून ठेवाव्यात. वीज जाण्याची वेळ आली, की त्यांतील दोन बाटल्या खालच्या भागात सर्वांत वरच्या फळीवर ठेवून दार लावावे आणि वीज येईपर्यंत उघडू नये. एक किलो बर्फ वितळताना ३३४ किलोज्यूल उष्णता शोषून घेतो, त्यामुळे दोन लिटर गोठलेले पाणी बरेच काम करते. खवा हवाबंद डब्यात, सपाट थरात, याच फळीवर बाटल्यांना लागून ठेवावा. आठवड्याहून अधिक ठेवायचा असेल, तर लहान वड्या करून फ्रीजरमध्ये टाकावा. मटण कच्चे असेल तर त्याचा डबा सर्वांत खाली ठेवावा, म्हणजे त्याचे पाणी दुसऱ्या कशावर गळणार नाही.

चार दिवस लग्नाला जाऊन आल्यावर मागे वीज किती वेळ गेली होती हे कळत नाही. त्यासाठी वाटीत पाणी गोठवून त्यावर एक नाणे ठेवून जावे. परतल्यावर नाणे बर्फाच्या वरच असेल तर ठीक. ते तळाशी गेलेले दिसले, तर मधल्या काळात बर्फ पूर्ण वितळून पुन्हा गोठला आहे असे समजावे आणि मटण टाकून द्यावे.

प्रश्न : फ्रीजमध्ये ठेवलेली वांगी डागाळतात, काकडी पाणचट होते आणि आंबे पिकतच नाहीत. तापमान बरोबर असूनही असे का होते? गरम भाजी तशीच ठेवली तर फ्रीज बिघडतो का, हेही सांगावे.
— एक वाचक, जालना

उत्तर : ३ ते ४ अंश हे दूध, शिजवलेले अन्न, मांस आणि पालेभाज्या यांच्यासाठी योग्य तापमान आहे, उष्ण हवेत वाढणाऱ्या कित्येक फळभाज्यांना ते सोसत नाही. वांगे, भेंडी आणि काकडी साधारण १० अंशांच्या खाली काही दिवस राहिली, की त्यांच्या पेशींना इजा होते. मग सालीवर खड्डे पडतात आणि आतून पाणी सुटते. या भाज्या दोन दिवसांत संपणार असतील, तर बाहेर ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवाव्यात. फ्रीजमध्ये ठेवायच्याच असतील, तर सर्वांत खालच्या भाजीच्या कप्प्यात, जिथे थंडी तुलनेने कमी असते. बटाटे, कांदे, लसूण आणि केळी यांना फ्रीजमध्ये जागा नाही. थंडीत बटाट्यातील पिष्टाची साखर होते आणि तळल्यावर ते काळपट पडतात.

मराठवाड्याचा केसर आंबा आणि बीडचे सीताफळ या दोहोंना भौगोलिक मानांकन आहे, पण दोन्ही कच्ची असताना फ्रीजमध्ये गेली तर पिकण्याची क्रियाच थांबते आणि चव येत नाही. अढीत किंवा टोपलीत पूर्ण पिकू द्यावीत, मग दोन-तीन दिवसांसाठी आत ठेवावीत. तुमच्या जालन्याची मोसंबी मात्र भाजीच्या कप्प्यात चांगली राहते. मेथी, चुका, शेपू आणि कोथिंबीर न धुता, निवडून, कोरड्या सुती फडक्यात ठेवाव्यात, आणि पिकलेल्या आंब्यांशेजारी ठेवू नयेत, कारण आंब्यातून निघणाऱ्या इथिलीन वायूने पाने लवकर पिवळी पडतात.

गरम भाजीने फ्रीज बिघडत नाही, पण शेजारचे दूध तापते. म्हणून भाजी पसरट भांड्यात काढून पंख्याखाली निववावी आणि कोमट होताच आत ठेवावी. सकाळची भाजी संध्याकाळपर्यंत ओट्यावर ‘निवत’ ठेवण्याची आपली पद्धत मात्र सोडलेली बरी. दोन तास ही मर्यादा, आणि उन्हाळ्यात त्याहूनही कमी.

प्रश्न : आईचे इन्सुलिन फ्रीजमध्ये ठेवतो. फ्रीज ४ अंशांवर आणला तर ते चालेल का?
— एक वाचक, अंबाजोगाई (जि. बीड)

उत्तर : चालेल. न उघडलेले इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचे असते, म्हणून ४ अंश त्याला मानवतात. ते मधल्या कप्प्यात, डब्यात घालून, मागच्या भिंतीला न टेकवता ठेवावे. बर्फाच्या कप्प्याखाली कधीही ठेवू नये. एकदा गोठलेले इन्सुलिन वितळल्यानंतर पूर्वीसारखे स्वच्छ दिसले, तरी ते वापरू नये. वापरात असलेली कुपी किंवा पेन किती दिवस आणि किती अंशांपर्यंत बाहेर चालते, हे त्या-त्या औषधाच्या वेष्टनावर लिहिलेले असते. ही मर्यादा बहुधा २५ किंवा ३० अंशांची असते आणि आपल्याकडे फाल्गुनापासूनच खोली त्याहून तापते, तेव्हा उन्हाळ्यात वापरातली कुपी कुठे ठेवावी हे डॉक्टरांना किंवा औषध विक्रेत्याला विचारून घ्यावे.